गाठोड्यात काय बांधले, मागे काय ठेवले

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा चळवळीच्या इतिहासावर एक लेख आम्ही द्यावा असे मंडळाने सुचवले. इतिहास म्हटला की परिषदा, ठराव, अध्यक्षीय भाषणे, हजारोंचा जनसमुदाय, असे सगळे डोळ्यांपुढे येते. ते पुष्कळ वेळा लिहून झाले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. आम्ही मात्र एका साध्या गोष्टीचा मागोवा घ्यायचे ठरवले. आपली माणसे सत्याग्रहाला, मोर्चाला घरातून निघाली तेव्हा त्यांनी सोबत काय घेतले? आणि मागे काय ठेवले?

हा प्रश्न सुचायला कारण घडले. काही वर्षांपूर्वी आपल्या वस्तीतून एका मोर्चाला टेंपो भरून माणसे गेली. आदल्या रात्री विहारात बैठक झाली. बॅनरवर कुणाचे नाव वर, कुणाचे खाली, टेंपोचे भाडे कोण देणार, यावर दोन तास गेले. मोर्चात शेवटाला कुठेतरी ढकलाढकली झाली, पोलिसांनी त्या भागातली माणसे उचलली. त्यात आपल्या वस्तीतला कॉलेजात जाणारा एक मुलगा होता. त्याने कुणाला बोटही लावले नव्हते. पण त्याच्या हातात झेंडा होता आणि त्या झेंड्याला मनगटाएवढा जाड बांबू होता. कागदावर त्या बांबूची ‘काठी’ झाली. मुलाने घरी सांगितले नव्हते, मोबाईल बंद पडलेला, खिशात कुणाचा नंबर नाही. त्याची आई रात्रभर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत होती. आजही नोकरीच्या प्रत्येक अर्जात ‘आपणावर गुन्हा दाखल आहे काय?’ हा रकाना आला की त्या पोराचा पेन थांबतो.

तो बांबू आम्हीच कापून आणला होता. म्हणून हा लेख लिहिणे आमच्यावरचे एक देणे आहे, असे आम्ही मानतो.

महाड : खांद्यावरची भाकरी

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र मोरे, संभाजी गायकवाड, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस ही मंडळी तिच्या तयारीत होती. पंधरा वर्षांच्या पोरापासून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत माणसे डोंगरदऱ्या तुडवत पायी आली. कित्येक जण शंभर-शंभर मैलांवरून आले. खांद्यावर गाठोडे आणि गाठोड्यात पुरतील तेवढ्या दिवसांच्या भाकरी.

त्या भाकरीचा अर्थ आपण नीट लक्षात घेतला पाहिजे. तो काळ असा होता की वाटेत कुणी विकत खायला देईल याची खात्री नव्हती, पाणी तर नाहीच. परिषदेच्या वेळी खुद्द महाडात पिण्याच्या पाण्यासाठी चाळीस रुपये मोजावे लागले. सन १९२७ चे चाळीस रुपये! ज्या गावात चवदार तळे भरलेले होते, त्याच गावात आपल्या माणसांना पाणी विकत घ्यावे लागत होते. म्हणून भाकरी बांधून घेणे ही हौस नव्हती. आपण कुणाच्या दारात हात पसरणार नाही, उपाशी पडलो म्हणून परत फिरणार नाही, ही त्यातली जिद्द होती.

आमच्या वस्तीतल्या जुन्या बायका अजून म्हणतात, ‘‘भाकर बांधून घ्या रे लेकरांनो, कुणाच्या तोंडाकडं बघायची पाळी येऊ नये.’’ हे वाक्य त्यांना कुणी पुस्तकातून शिकवले नाही. ते महाडच्या वाटेवरूनच आले आहे. आणि एक गोष्ट इथे नमूद केली पाहिजे. महाडला किती माणसे आली, कोण काय बोलले, याच्या नोंदी आहेत. पण त्या हजारो भाकरी आदल्या रात्री कुणी थापल्या, चुलीपुढे कोण जागले, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

गाठोड्यात आणखीही एक गोष्ट होती, ती डोळ्यांना दिसत नव्हती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्यानुसार महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे २० मार्चला परमपूज्य बाबासाहेबांच्या पाठोपाठ जे लोक तळ्यावर गेले, ते कायद्याने आधीच आपले झालेले पाणी प्यायला गेले. भाकरी पोटासाठी होती, कायदा पायाखाली होता.

पाणी पिऊन माणसे परतली. काही जण मंडपात जेवायला बसले होते, काही जण गाठोडी बांधून गावाकडे निघायच्या बेतात होते. तेवढ्यात गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन मंडपावर चालून आला. जेवती माणसे बडवली गेली, अन्न मातीत मिसळले. जखमी माणसांनी काही मुसलमान बांधवांच्या घरी आसरा घेतला. बाबासाहेब डाक बंगल्यावर उतरले होते. तिथे आपली शेकडो माणसे जमली. त्यात पलटणीत नोकरी केलेले पेन्शनर होते. त्यांना हत्यार कसे धरायचे हे कुणी शिकवायची गरज नव्हती. बाबासाहेबांच्या एका शब्दाची ते वाट पाहत होते.

बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. शांत राहा, असेच सांगितले. पुढे खटला उभा राहिला आणि हल्ला करणाऱ्यांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या दिवशी आपल्या बाजूने एक डोके फुटले असते, तर तुरुंगात कोण गेले असते याचा प्रत्येकाने विचार करावा. ज्यांनी मार खाल्ला तेच आरोपी ठरले असते. मागे काय ठेवायचे याचा पहिला धडा महाडने दिला. हातात बळ असताना हात मागे ठेवणे, हा तो धडा. भेकडाला तो जमत नाही.

डिसेंबर १९२७ : बोटीचा प्रवास आणि बायकांची डागिने

पाणी ‘बाटले’ म्हणून सनातन्यांनी दही, दूध, शेण, गोमूत्राचे १०८ घडे ओतून तळे ‘शुद्ध’ केले, हे आपण सारे जाणतो. त्यावर उत्तर म्हणून डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह परिषद ठरली. या वेळी तयारी अधिक कडक होती. परिषदेला जागा मिळू नये असा प्रयत्न झाला, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. महाडच्या बाजारातून काही मिळेल या भरवशावर कुणी राहिले नाही. धान्य, सामान बाहेरून आणून आधीच साठवण्यात आले. मोटारवाले नेतील की नाही याची शंका होती, म्हणून बाबासाहेब आणि मुंबईची मंडळी २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीने निघाली, दुसऱ्या दिवशी दासगावच्या बंदरात उतरली आणि तिथून सुमारे पाच मैल महाडपर्यंत पायी गेली. रस्ता कोण अडवू शकतो याचा विचार आधी करून दुसरा रस्ता ठेवायचा, हेही त्या शिदोरीतलेच शहाणपण!

२५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. ते जन्माने ब्राह्मण होते, हे आपण विसरू नये. सत्याग्रहासाठी हजारो लोकांनी नावे नोंदवली. नुसती घोषणा नाही, नाव लिहून! कोण येणार, किती येणार, याची यादी झाली. इतके होऊनही कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला होता म्हणून तळ्यावर पाणी पिण्याचा कार्यक्रम तहकूब झाला आणि मिरवणूक तळ्याला फेरी घालून परत आली. कित्येकांचा हिरमोड झाला. पण लढा कोर्टात चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. एका दिवसाची घाई मागे ठेवली, तिचे फळ दहा वर्षांनी मिळाले.

याच परिषदेत बाबासाहेब आमच्या आया-आज्यांशी बोलले. अंगावरचे कथलाचे-चांदीचे जड दागिने, गळ्यातल्या माळा, कोपरापर्यंतचे गोठ-पाटल्या आणि गुडघ्यापर्यंत वर खोचलेले लुगडे, ही दुरूनच जात सांगणारी खूण आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. लुगडे घोळदार, स्वच्छ नेसा, मुलींना शिकवा, असा तो उपदेश होता. लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे यांनी बायकांना लुगडी कशी नेसायची ते दाखवले. दुसऱ्या दिवशी बायका नवीन पद्धतीने नेसून आल्या. विचार करा, त्या बायका गावाकडून निघताना अंगावर काय घालून आल्या होत्या आणि परत जाताना काय टाकून गेल्या! महाडला गाठोडे घेऊन गेलेली माणसे परत येताना हलकी होऊन आली. त्यांनी मागे टाकलेले ओझे पिढ्यान्‌पिढ्यांचे होते.

नाशिक : चार-चारच्या रांगा

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे ही मंडळी पुढे होती. मिरवणुकीचे वर्णन वाचताना आजही ऊर भरून येतो. हजारो माणसे चार-चारच्या रांगेत, रांग सुमारे मैलभर लांब, पुढे लष्करी चालीवर वाजणारा बँड आणि त्यात पाचशेच्या आसपास बाया शिस्तीने चालत असलेल्या. मंदिराचे दरवाजे बंद होते. माणसे दरवाजा फोडायला धावली नाहीत. मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली, तिथे सभा झाली आणि रात्री ठरले की सत्याग्रह अहिंसक मार्गाने करायचा. दुसऱ्या दिवशी पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया चारही दरवाजांवर बसल्या.

इथे आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सगळे एकदम गेले नाहीत, तुकड्या केल्या. एक तुकडी बसेल, दुसरी तयारीत राहील, बाकीचे कामधंदा आणि घर सांभाळतील. म्हणूनच तो लढा सुमारे पाच वर्षे टिकला. मोर्चाला जाणारा जसा सत्याग्रही, तसाच मागे राहून शेजाऱ्याची पोरे आणि म्हातारी माणसे सांभाळणाराही सत्याग्रहीच. आमच्या सोलापुरात मिलचा भोंगा चालू होता त्या काळात हे सगळ्यांना कळत होते. एका घरातले दोघे मिलमध्ये असतील तर दोघांनीही एकाच दिवशी खाडा करायचा नाही. एकाचा रोज बुडाला तरी दुसऱ्याच्या रोजावर चूल पेटली पाहिजे.

आणि त्याच साली आपल्या सोलापुरात

१९३० साल सोलापूरकर कधी विसरू शकत नाहीत. ८ मे रोजी गोळीबार झाला, त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजांचे राज्य नावालाही उरले नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत होता. त्या लष्करी कायद्यात तिरंगा झेंडा बाळगणे हाच गुन्हा ठरला आणि त्यासाठी लोकांना जबर शिक्षा झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो-येतो.

ही हकीगत इथे सांगण्याचे कारण असे, की हातात काय धरले आहे याला केव्हा काय किंमत मोजावी लागेल, हे सत्ता ठरवत असते. एक कापडी झेंडा धरला म्हणून माणूस तुरुंगात गेला, असे आपल्याच शहरात घडले. ज्यांनी तो धरला त्यांनी किंमत माहीत असून धरला. आमच्या वस्तीतल्या त्या पोराला मात्र बांबूची किंमत कुणी सांगितली नव्हती. समजून मोजलेली किंमत आणि न कळता पडलेली किंमत, या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पांढरी वस्त्रे

१४ ऑक्टोबर १९५६ ला मोर्चा म्हणणे बरोबर नाही, तो धम्मदीक्षेचा दिवस. पण काय घ्यावे आणि काय ठेवावे याचा विचार करताना नागपूर वगळून पुढे जाता येत नाही. पांढरी स्वच्छ वस्त्रे घालून या, असे सांगणे होते. लाखो माणसे आली. रेल्वेने आली, बैलगाडीने आली, पायी आली. कित्येकांनी तिकिटासाठी अंगावरचा डाग मोडला. जाताना शिदोरी आणि पांढरे वस्त्र घेऊन गेली, येताना बावीस प्रतिज्ञा घेऊन आली. घरी आल्यावर देव्हाऱ्यातले टाक-मूर्ती कुणी नदीत सोडल्या, कुणी विहिरीत. महाडला अंगावरची खूण टाकली होती, नागपूरनंतर घरातली आणि मनातली टाकली.

तुरुंगाची तयारी

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला. पडीक जमीन कसणाऱ्या भूमिहीनांना द्या, बौद्धांना सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा मागण्या होत्या. तीन लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांनी स्वतःला अटक करवून घेतली, असे चळवळीच्या इतिहासात नमूद आहे. काही बाया कडेवर तान्ही लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या.

त्या सत्याग्रहाला जाणे म्हणजे तुरुंगाची तयारी करून जाणे. दिवसभराचा कार्यक्रम करून संध्याकाळी घरी, असा तो मामला नव्हता. घरात दाणे किती आहेत, शेळी कुणाकडे बांधायची, म्हाताऱ्याला औषध कोण देणार, हे ठरवूनच माणूस उंबरा ओलांडायचा. मागे नीट लावून ठेवलेले घर, हीच त्याची अर्धी ताकद.

हे फक्त आपल्याच लोकांत होते असे नाही. ७ मार्च १९६५ रोजी अमेरिकेत सेल्मा या गावी काळ्या लोकांचा मतदानाच्या हक्कासाठी मोर्चा निघाला. सुमारे सहाशे माणसे होती. पुढे चालणाऱ्यांत पंचवीस वर्षांचे जॉन लुईस होते. पुलापलीकडे पोलीस उभे आहेत, आपल्याला अटक होणार, हे त्यांना माहीत होते. म्हणून त्यांनी पाठीवरच्या पिशवीत दोन पुस्तके, एक सफरचंद, एक संत्रे, दात घासायचा ब्रश आणि पेस्ट एवढेच घेतले होते. अटकेऐवजी लाठी डोक्यात बसली आणि कवटीला इजा झाली. पण त्यांच्या पिशवीत एकही वस्तू अशी नव्हती, की जी दाखवून कुणी म्हणावे, हा मारायला आला होता. महाडच्या मंडपात मातीत मिसळलेली भाकरी आणि सेल्माच्या पुलावरचे ते सफरचंद एकाच शिदोरीतले आहे, असे आम्हाला वाटते.

त्यानंतरचा मोठा लढा नामांतराचा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांनी प्राण दिले. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे गेली. पायी चालणाऱ्याला ठाऊक असते की चार कोसांनंतर गाठोड्यातली प्रत्येक जास्तीची वस्तू वैरी होते. लांबच्या लढ्याला निघताना थोडेच घ्यायचे, पण लागेल ते विसरायचे नाही.

संविधानाने सांगितलेली एक अट

आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटते की मोर्चा म्हणजे सरकारने दिलेली सवलत. तसे नाही. संविधानाच्या कलम १९ मध्ये शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क नागरिकाला दिलेला आहे. ‘शस्त्रांशिवाय’ हा शब्द खुद्द संविधानात आहे. म्हणजे मोर्चाला जाताना घरी काय ठेवून जायचे, हे मसुदा समितीच्या अध्यक्षांच्या हातून गेलेल्या मजकुरातच लिहिलेले आहे! काठी, सुरा, दगड घेऊन जो जातो, तो आपला हक्क घरी ठेवून जातो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी याहून पुढचा इशारा दिला होता. घटनात्मक मार्ग उघडे असताना रक्तरंजित मार्ग तर सोडाच, पण कायदेभंग आणि सत्याग्रहाचे मार्गही सोडले पाहिजेत, असे ते म्हणाले. त्यांच्याच अनुयायांनी पुढे भूमिहीनांचा सत्याग्रह केला. त्यावर आपल्यात मतभेद झाले, अजूनही होतात. आम्ही त्या वादात पडत नाही. पण निवेदन, अर्ज, कोर्ट, मतदान हे सगळे करून मगच रस्त्यावर यावे आणि रस्त्यावर आल्यावर कायद्याला धरून वागावे, एवढे तर कुणालाही पटावे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. ते लागू असताना काठ्या, दगड, ज्वालाग्राही पदार्थ बाळगायला बंदी असते आणि जमायला परवानगी लागते. आदेश लागू आहे काय, याची चौकशी करणे आणि परवानगीची प्रत जवळ ठेवणे हे मंडळाचे काम आहे. अटक झालीच, तर कलम २२ प्रमाणे कारण सांगितले गेले पाहिजे, वकिलाला भेटता आले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले गेले पाहिजे. अटकेची खबर नातेवाइकाला कळवण्याचा हक्क आहे. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवाद सोडता, अटक करता येत नाही. हे पाठ असणे म्हणजे बोले ठराव खिशात घेऊन तळ्यावर जाण्यासारखे आहे.

आपल्या वस्तीसाठी

त्या मुलाच्या प्रकरणानंतर आम्ही विहारात बसून काही गोष्टी ठरवल्या. पूनम गेटसमोर दोन तासांचे धरणे असो की मुंबईला जायचे असो, त्या आम्ही पाळतो. नव्या मुलांसाठी इथे नोंदवून ठेवतो.

घ्यायचे ते असे. पाणी प्रत्येकाने आपापले. सोलापूरचे ऊन चैत्र-वैशाखात चाळिसाच्या वर जाते, तेव्हा एक बाटली पुरत नाही. भाकरी कडक असावी, ती चार दिवस टिकते. सोबत शेंगाची चटणी आणि कांदा. भात, पातळ भाजी प्रवासात आंबते. रात्रीचा मुक्काम असेल तर आपली सोलापुरी चादर. अंथरायला तीच, पांघरायला तीच. पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट, अंगावर सुती कपडे, डोक्याला रुमाल. रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. ओळखपत्राची झेरॉक्स, थोडे सुटे पैसे. घरचा, विहाराचा आणि वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात, कारण मोबाईल बंद पडला की त्यातले नंबरही गेले.

घरी ठेवायचे ते असे. सोन्याचा डाग. काठी, चाकू, काडेपेटी. दारू तर पंचशील घेतलेल्याने कधीच नाही, पण मोर्चाच्या दिवशी तंबाखूची पुडीही नको. लहान लेकरे आणि आजारी माणसे शेजारी ठेवावीत. झेंडा घ्यावा, जरूर घ्यावा, पण काठी बोटाएवढी बारीक आणि हलकी. मोबाईलवर आलेली आवई पडताळल्याशिवाय पुढे पाठवायची नाही. महाडला मंडपावर हल्ला झाला तो आवईमुळेच, हे लक्षात ठेवावे.

आणि मागे लावून जायचे ते असे. विहाराच्या वहीत नाव लिहिल्याशिवाय कुणी टेंपोत चढायचे नाही. जाताना किती, येताना किती, दोन्ही वेळा मोजायचे. घरी सांगूनच निघायचे. प्रत्येक वेळी दोन जाणती माणसे वस्तीत थांबतील, फोनजवळ. थांबणाऱ्याला कमीपणा नाही. परतताना जागा झाडून यायचे. आपण बसलो होतो तिथे कागद, बाटल्या पडल्या, तर दुसऱ्या दिवशी तेवढेच लोक बोलतात.

यात एकही गोष्ट आमच्या पदरची नाही. पाणी आणि भाकरी महाडच्या मार्चमधली, नावांची यादी डिसेंबरमधली, रांग आणि तुकड्या नाशिकच्या, घराची लावून दिलेली घडी भूमिहीनांच्या सत्याग्रहातली आणि शस्त्र नको हे संविधानातले.

शेवटी एकच सांगायचे आहे. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी आपल्या सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. महाडच्याही दोन वर्षे आधी! या शहरात चळवळ आली ती पोरांच्या शिक्षणाचा हात धरून. म्हणून मोर्चाला निघणाऱ्या प्रत्येक पोराबरोबर त्याच्या आईबापाचे वीस वर्षांचे कष्ट चालत असतात, हे बॅनर रंगवणाऱ्या आम्हा मोठ्या माणसांनी आधी लक्षात घेतले पाहिजे. त्या मुलाची तारीख अजून लागते. तारखेला आमच्यापैकी एक जण त्याच्याबरोबर कोर्टात जातो. निघताना त्याची आई दोघांसाठी भाकरी बांधून देते. आमच्या वाटणीची भाकरी तिने बांधून द्यावी, एवढी आमची लायकी नाही, हे आम्हाला कळते. पण ती देते आणि आम्ही घेतो.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!